निकम सरांनी अंगावर घेतलेली चूक

आदरणीय भास्करराव निकम सरांची आणि माझी पहिली भेट शहागंजात झाली. एका कापड दुकानाच्या माडीवर, दोन खोल्यांत तेव्हा आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. मी मुकुंदवाडीची, नुकतीच पदविका झालेली. बाबा कामाची एक पाळी बुडवून सोबत आले होते. मुलाखतीत संगणकावर बसवतील म्हणून मी आठवडाभर टायपिंगचा सराव केला होता. सरांनी समोर ठेवला तो दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेल्या प्रोग्रॅमचा छापील कागद. म्हणाले, "वाचा." मी शाळेतला धडा म्हणावा तसा घडाघडा वाचून काढला. सर शांतपणे म्हणाले, "वाचलं लई छान. आता ही तिसरी ओळ इथं कामून आली, ते सांगा." मला ते 'का' काही सांगता आलं नाही आणि मी तसं कबूल केलं. बाहेरच्या बाकावर बाबांनी कपाळाला हात लावला. सरांनी त्यांना आत बोलावून चहा दिला आणि सोमवारपासून मला पाठवायला सांगितलं.

या गौरव अंकाच्या संपादक मंडळाने मला सरांच्या कार्याबद्दल लिहायला सांगितलं आहे. ते मी लिहीनच. पण सरांनी गेल्या वर्षी कंपनी का सोडली, याबद्दल आपल्या मंडळींत जे बोललं जातं ते खरं नाही. 'वय झालं, नवी साधनं झेपली नाहीत, औषधांच्या सॉफ्टवेअरमध्ये सर चुकले,' असं आपणही ऐकलं असेल. ते दुरुस्त केल्याशिवाय सरांचं कौतुक करायला माझा हात धजत नाही.

सरांची कार्यपद्धती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. दर शनिवारी सकाळी अकरा वाजता आमच्याकडे 'वाचन' असायचं. आठवड्यात ज्याने जे लिहिलं ते त्याने सगळ्यांसमोर ओळीओळीने वाचायचं आणि कुणीही विचारलं की ओळीचं कारण सांगायचं. पहिला प्रश्न सगळ्यात नव्या माणसाने विचारायचा, हा नियम. सर स्वतःही वाचायला बसत. एकदा नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलीने त्यांना एका ओळीचं कारण विचारलं. सर म्हणाले, "नाय सांगता येत बेटा," आणि ती ओळ सर्वांदेखत काढून टाकली. ती मुलगी घाबरून रडायलाच लागली होती. सरांनी तिला खालून भजी आणून खाऊ घातली.

या पद्धतीत एक उणीव होती आणि गौरवलेखात ती लिहू नये असा संकेत असला तरी मी लिहिते. सर कारणं कागदावर उतरवत नसत. "शनिवारी सांगितलंय की सगळ्यांना," एवढं त्यांना पुरे वाटे. आमच्या सॉफ्टवेअरची निम्मी कारणं आमच्या डोक्यात होती, आणि माणसं नोकरी सोडताना डोकं सोबत घेऊन जातात.

सरांच्या मायेबद्दल लिहायचं तर जागा पुरणार नाही. एकच सांगते. पुण्याच्या एका ग्राहकाशी फोनवर इंग्रजीत बोलायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा माझी दातखीळ बसली होती. सर शेजारी येऊन बसले आणि त्या साहेबांना म्हणाले, "माफ करा, मला इंग्रजी जमत नाय, मराठीत बोलू का?" सगळं बोलणं मराठीत झालं. सरांचं इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं. पुढे कित्येक महिने तो ग्राहक 'तुमचे ते इंग्रजी न येणारे सर' असं म्हणायचा आणि सर हसून घ्यायचे.

मग प्रोग्रॅम लिहून देणारी ही नवी साधनं आली. दर आठवड्याला नवीन नाव, नवीन बातमी, आपल्या नोकऱ्या जाणार की राहणार यावर चहाच्या टपरीवर चर्चा. सर या साधनांच्या विरोधात होते हा निव्वळ गैरसमज आहे. सगळ्यांच्या आधी त्यांनीच त्यातलं एक वापरून पाहिलं. लहान मुलासारखे खूश झाले होते. दोन दिवसांनी मला म्हणाले, "लई हुशार आहे गं. पण कामून म्हणून इचारलं की दर वेळी नवं कारण सांगतंय. माणूस चुकीचं का होईना, एकच सांगतो."

तेव्हा मी टीमची प्रमुख झाले होते. कंपनीच्या मालकांना वेग हवा होता आणि मला मालकांची शाबासकी. शनिवारचे तीन तास मला डोळ्यांत खुपू लागले. मी सरांना सांगितलं, "सर, आता तपासायचं कामही टूलच करतंय. वाचन बंद करू या." सर म्हणाले, "बरं." एवढंच. वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

शहरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या औषधभांडाराचं सॉफ्टवेअर सरांनी पूर्वी लिहिलेलं होतं. ते नव्या साधनाकडून नीटनेटकं करून घ्यायचं ठरलं. त्यात एक ओळ साधनाला अनावश्यक वाटली, कारण तशीच दिसणारी एक तपासणी दुसरीकडेही होती. ती काढून टाकण्याची सूचना माझ्यासमोर आली. मी ती मंजूर केली. वॉर्डातून परत आलेली, थंड ठेवायची औषधं फार्मासिस्टने बघितल्याशिवाय पुन्हा साठ्यात धरायची नाहीत, हे काम ती ओळ करत होती. मला ते माहीत होतं. एका शनिवारी सरांनी ते सांगितलं तेव्हा मी समोर बसलेली होते. आठवायला दोन मिनिटं थांबले असते तर आठवलं असतं.

आठ-दहा दिवस ती औषधं तशीच साठ्यात जात राहिली. एका सिस्टरच्या लक्षात आलं म्हणून कुणाला इजा झाली नाही. रुग्णालयाने आम्हाला बोलावलं आणि सरळ विचारलं, चूक कुणाची? मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "ओळ माझी होती. तिचं कारण मी लिहून ठेवलं नव्हतं. चूक माझी." मी मान खाली घालून वहीत बघत बसले. ते काम गेलं. महिनाअखेरीस सरांनी कंपनी सोडली. त्यानंतर एका लग्नात आपल्यातल्याच कुणीतरी विचारलं, "सरांना झेपलं नाही ना?" मी मान हलवली. शरम वाटते, पण मी 'हो' म्हणून मान हलवली.

गेल्या महिन्यात या लेखाचा कच्चा खर्डा घेऊन मी बिडकीनला सरांच्या घरी गेले. सरांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाले, "रुग्णालयाचं समदं काढ."

"कामून?" मी विचारलं.

"तुला अजून वीस-पंचवीस वर्षं नोकरी करायची, बेटा. हे छापलं की लोकं तुझ्याकडं बोट दाखवतील. माझं काय, माझं झालं. इथं मला कोण इचारायला येतंय?"

आतून सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "येत नाय तेच तर हाय. शनिवारी अकरा वाजले की हे ओसरीवर खुर्ची टाकून बसतेत. कोणाची वाट पाहता म्हणलं, तर म्हणतेत कोणाची नाय."

सरांनी माझे कागद नीट घडी करून मला परत दिले. मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी लगेच निघाले. सरांचा शब्द मी आजवर मोडला नव्हता. तो या लेखात मोडला आहे, त्याबद्दल त्यांनी मला क्षमा करावी.

निकम सरांना पुढची अनेक वर्षं निरोगी मिळोत. त्यांचे डोळे आणि गुडघे त्यांना साथ देवोत, काकूंचा सहवास लाभो, त्यांच्या ओसरीवर माणसांची ये-जा राहो. आणि माझी आपणा सर्वांना हात जोडून एकच विनंती आहे. यापुढे कुठल्याही लग्नात, कुठल्याही बैठकीत कुणी म्हणालं की औषधांच्या कामात निकम सर चुकले, तर आपल्यापैकी कुणीतरी तिथल्या तिथे सांगावं, सर नव्हे, वर्षा साळवे चुकली.