गिऱ्हाईकाची खुर्ची

"ऊठ तिथनं. गिऱ्हाईकाची खुर्ची हाय ती."

रश्श्याचं पातेलं माझ्या हातावर कलंडलं व्हतं. कोपरापास्नं मनगटापतुर कातडं निघालेलं. डोळ्यापुढं अंधारी आली म्हणून जवळच्या खुर्चीवर टेकले, तर आप्पा असा बोलला. मी उठले. त्यानं ती खुर्ची माझ्यासमोर फडक्यानं पुसून घेतली. माझ्या हातची भाकरी चालती, माझं बूड चालत न्हाई.

आप्पा म्हंजी मालक. सणसवाडीला रोडवर त्याचं हाटेल. "मालक नका म्हणू, आप्पा म्हणा," असं तोच सांगायचा. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. आता कळतंय. मालकच न्हाई म्हणलं की कामगार तरी कुठला?

दवाखान्यात मी तोंड उघडायच्या आत त्यानंच सांगितलं, "घरी चुलीवर भाजलं बाईला."

आमच्या तळेगाव ढमढेऱ्याची शेजारीण कंपनीत जाती. ती म्हणाली, "कामावर भाजलं तर मालकावर येतं ते. कायदा हाय." तिला घिऊन कामगार हापिसात गेले. साहेबाला सगळं सांगितलं. येतो बघायला, म्हणाला. तवर हात बांधून मी कामावर जातच व्हते. घरी बसले असते तर चूल कशावर पेटली असती?

साहेब यायचा त्या दिवशी आप्पाला आधीच ठावं. कुणी कळवलं? माझा सौंशय हापिसावरच. फकस्त तक्रार कुणाची, ते त्याला कळलं नसावं, न्हाईतर मला दारातच आडवली असती. त्यानं आमचे एप्रन काढून घेतले. भाच्यांना वाढायला उभं केलं. आन् म्हणाला, "आज तुम्ही सगळी पाव्हणी. बसा, जेवा. कुणी इचारलं तर वढूला दर्शनाला निघालोय म्हणायचं."

मला त्याच खुर्चीवर बसवलं. "ताई, पदर घ्या हातावर." ताई. घ्या. इतकी वर्षं मी नुसती 'ए भाकरीवाली'. ताटात सकाळी मीच थापलेली भाकरी व्हती.

साहेब टेबलापाशी आला. मला वळखत असून न वळखल्यागत इचारलं, "कुठनं आलात?"

"तळेगाव ढमढेऱ्यावरनं."

"दर्शनाला का?"

शेजारी शांता बसलेली, माझ्यासंगं भांडी घासणारी. तिनं टेबलाखाली माझा गुडघा दाबला. गप बस म्हणत व्हती. मी गप बसले असते तर हात घरीच भाजलेला ऱ्हायला असता, जलमभर.

"न्हाई साहेब. कामाला. रोजच येते." पदर काढला. हात टेबलावर ठेवला. "हे हितंच भाजलंय. ही भाकरी मी थापलीया."

आप्पा हसला. "चक्रम हाय बाई." मग साहेबाकडं पाठ करून दातावर दात धरून म्हणाला, "ऊठ."

मी न्हाई उठले. भाकरी मोडली. समदं ताट संपवलं.

काम गेलं. शांता बोलत न्हाई. आप्पा कामगार हापिसात तारखेला येतो आन् सांगतो, ही बाई जेवायला आलती. साहेब मान हलवतो. कुणाच्या बाजूनं हलवतो, मला कळत न्हाई. माझा इश्वास कुणावरच न्हाई. पण एक बी तारीख मी चुकवत न्हाई. सगळ्यांच्या आधी जाते, म्होरल्या खुर्चीवर बसते. ही माझ्याकडं कामाला व्हती, एवढं त्याच्या तोंडनं निघंपतुर मी उठायची न्हाई.