पलंगाच्या पायाशी स्टूल

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ती गरम रोलरच्या तोंडाशी उभी राहून ओल्या चादरींची टोकं आत सारत होती. पलीकडे चादरी धरणाऱ्या जोडीदारणीने रोजचाच विषय काढला.

"त्यांची पोरगी अजून तुझ्याकडेच? तुला काळीज दिलंय की रोलर?"

"टोक धर. सुरकुती पडतेय."

शिष्यवृत्ती अदलाबदलीची होती. तिचा मुलगा वर्षभर परदेशात एका घरी राहून शिकणार, त्या घरातली मुलगी इथे. दोघांनी एकमेकांच्या खोलीत राहायचं. महिन्यापूर्वी सायकलवरून वर्गाला जाताना मुलगा तिथे ट्रकखाली आला. शवपेटी आली. मुलगी इथेच राहिली.

तिला ठेवणार की नाही, हे शिष्यवृत्तीच्या कार्यालयाला आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. दुसरं घर मिळत नव्हतं. नाही म्हटलं की मुलीचं वर्ष बुडणार. नवऱ्याचं मत ठरलेलं होतं. "तिला पाहिलं की घास उतरत नाही. जाऊ दे तिला."

दुपारी घरी येऊन तिने मुलाच्या खोलीचं दार लोटलं, तर मुलगी बॅग भरत होती.

"मावशी, मी जाते. काका माझ्यामुळे जेवत नाहीत."

ती पलंगावर टेकली. सांगायला आली होती एक, विचारलं भलतंच. "तुझ्या खोलीत... सकाळी उठल्यावर त्याला काय दिसायचं गं?"

मुलगी शब्द जुळवत बोलू लागली. "खिडकीतून पाण्याची टाकी. वर कबुतरं. पलंग लहान आहे. आई फोनवर सांगायची, त्याचे पाय बाहेर यायचे, म्हणून तिने पायाशी स्टूल ठेवलं, वर उशी."

"आम्हाला फोनवर सांगायचा, ऐसपैस झोपतो म्हणून."

"स्टूल अजून तिथेच आहे. आई कुणाला हलवू देत नाही."

दारात नवरा उभा होता. कधी आला, कुणास ठाऊक.

"कबुतरांना खायला घालायचा का?" महिन्याभरात तो मुलीशी पहिल्यांदाच बोलत होता.

"रोज, काका. आई ओरडायची."

"इथेही ओरडा खायचा," तो म्हणाला आणि निघून गेला.

तिने कार्यालयाला फोन करून मुलगी राहणार असल्याचं सांगितलं. रात्री नवरा मुलीच्या पंक्तीला बसला नाही तो नाहीच.

उद्याही तिला धुलाईखान्यात सकाळची पाळी आहे; सव्वापाचला ती घर सोडेल. मुलीची बस सातला कोपऱ्यावर येते. मुलीला हाक मारून उठवायचं काम तिने उद्यापासून नवऱ्याकडे दिलं आहे.