हद्दीचे तीन दगड

मशीन ट्रायपॉडवर चढवून दीड तास झाला होता आणि मला हद्दीचा एकही दगड सापडत नव्हता.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. म्हणजे जमीन मोजते. लोकांना वाटतं, मशीन आलं की बटण दाबायचं आणि मोजणी झाली. मशीन फक्त अंतर सांगतं. ते कुठून मोजायचं, हे जुने दगड सांगतात. आमच्याकडं प्रत्येक गटाचं एक टिपण असतं. पहिल्या मोजणीच्या वेळी हातानं काढलेला कच्चा नकाशा. त्यावर कोणता दगड कोणत्या दगडापासून किती लांब, हे लिहिलेलं असतं. निदान दोन दगड जागेवर मिळाले की बाकीची हद्द आपोआप उभी राहते. एकही नाही मिळाला तर मोजणीवाली बाई आणि रस्त्यानं चाललेला माणूस यांत काही फरक नाही.

जागा दौलताबादच्या अलीकडची. तिथं सरकारी वनउद्यान आहे. दर रविवारी वाळूजच्या कंपन्यांमधली आणि आसपासची पंचवीस-तीस माणसं तिथं राबतात. झाडं लावतात, बांध घालतात. पूर्वी बोडकी असलेली टेकडी आता शहरातून हिरवी दिसते. उद्यानाला लागून अठरा एकर सरकारी पड जमीन आहे आणि तिच्या कडेला एक पाझर तलाव. ती जमीन उद्यानात घ्यायला वनखातं तयार झालं होतं. अट एकच होती, हद्द कायम करून द्या. आणि पलीकडच्या गटात प्लॉटिंग टाकलेल्या शेठचं म्हणणं होतं, तलाव त्यांच्या हद्दीत येतो.

उन्हाळ्यात झाडांना पाणी त्या तलावातूनच जायचं. कॅन भरून, खांद्यावर. तलाव गेला असता तर टेकडीवरची झाडं पुढच्या उन्हाळ्यात उभी राहिली नसती. इतकं सरळ प्रकरण होतं.

या रविवारच्या ग्रुपचा म्होरक्या विलास जाधव. लासूर स्टेशनचा माणूस, वाळूजला फिटर. सेकंड शिफ्ट असली तरी सकाळी टेकडीवर हजर. मी घामाघूम होऊन तिसऱ्यांदा कडुनिंबापाशी आले, तेव्हा तो मागून अभिमानानं म्हणाला, "मॅडम, या टेकडीवर तुमाला एक सुटा दगड घावायचा नाय. समदे बांधाला लावलेत."

मी मशीन तसंच सोडलं आणि त्याच्याकडं वळले. सगळे म्हणजे कोणते, असं विचारलं. तो उत्साहानं सांगायला लागला. कंपनीत त्यांना फाइव्ह एस शिकवतात. नको ते उचला, जे ठेवायचं ते जागेवर ठेवा, साफ करा, वगैरे. तेच त्यांनी टेकडीवर लावलं होतं. मोकळे पडलेले दगड गोळा करायचे आणि त्यांचे बांध घालायचे. पाणी अडतं, माती अडते.

"घडीव, चौकोनी, डोक्यावर छिन्नीनं फुली मारलेला असा एखादा होता का?"

"दोन व्हते की. लई जड. चार जणांनी बांबूला बांधून नेले. चांगले सपाट व्हते म्हणून सांडव्याच्या बांधाला खाली बसवले."

मला हसावं की रडावं कळेना. झाडं जगवायला या माणसांनी जिवाचं रान केलं होतं, आणि ज्यांच्या जोरावर तलाव मिळणार ते दगड स्वतःच्या हातानं उपटून बांधात घातले होते. मी रागावले. चांगलीच रागावले. हद्दीची निशाणी हलवणं हा गुन्हा आहे, त्याला दंड आहे, हे त्याला तिथंच ऐकवलं. विलासचा चेहरा पडला. तेवढ्यात शेठ आपल्या दोन माणसांसह आलेच. दगड मिळाले का, असं त्यांनी विचारलं. मी उत्तर जुळवत होते.

विलास पुढं झाला. "दगड आम्हीच उचलले, शेठ. चूक आमची हाय. मॅडमना म्हाईत नव्हतं."

शेठनी लगेच मोबाइल काढला आणि त्याला तेच पुन्हा बोलायला लावून रेकॉर्ड केलं. विलासनं एक शब्दही न बदलता पुन्हा सांगितलं. त्या क्षणी माझा राग ओसरला. आमच्या कामात रोज वीस माणसं भेटतात आणि दगड कुणी हलवला, हे त्यांतल्या एकालाही कधी ठाऊक नसतं.

मी साहेबांना फोन लावला. आमचे उपअधीक्षक साहेब वाईट नाहीत, पण घाईत असतात. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, कलेक्टर ऑफिसला मीटिंग होती, म्हणून तर मोजणी रविवारी लावली होती. ते म्हणाले, निशाण्या आढळल्या नाहीत असं लिहा आणि या. मी म्हटलं, सर, संध्याकाळपर्यंत थांबते. ते म्हणाले, "दगड बांधात आहेत ना? मग संध्याकाळी ते काय चालत परत येणार आहेत?"

त्यांचं बरोबर होतं. जागेवरून हललेला हद्दीचा दगड म्हणजे नुसता दगड. मला दगड नको होता, तो जिथं उभा होता ती जागा हवी होती.

कडुनिंबाखाली चहा आला. मी टिपणाची नक्कल चटईवर पसरून बसले. मराठवाड्यातली जुनी कागदपत्रं निजामाच्या काळातली. आकडे मला वाचता येतात, पण बाजूचा मजकूर उर्दूत. आमच्या ऑफिसात उर्दू वाचणारे एक बाबू होते, ते रिटायर झाल्यापासून तो मजकूर आम्ही नक्षी समजून सोडून देतो. ग्रुपमधले रशीदचाचा माझ्या खांद्यावरून बघत होते. उर्दू शाळेत मास्तर होते, आता दर रविवारी खड्डे खणतात. त्यांनी चष्मा पुसला, कागद उन्हात धरला आणि सावकाश वाचलं.

"मॅडम, इथं तर साफ लिहिलंय. पत्थर के नीचे कोयला दबाया. तिन्ही ठिकाणी."

मी कप खाली ठेवला. माझ्या पहिल्या वरिष्ठांनी कधीतरी सांगितलं होतं, की जुने मोजणीदार दगडाखाली खड्ड्यात कोळसा पुरायचे. दगड चोरीला जातो, लाकूड कुजतं, कोळसा मात्र मातीत शंभर वर्षं तसाच राहतो. मी ते गोष्ट म्हणून ऐकलं होतं. कधी पाहिलं नव्हतं.

आता प्रश्न राहिला, अठरा एकरांत खणायचं कुठं? मी विलासला विचारलं, दगड उचलला ती जागा आठवते का. तो म्हणाला, आठवत नाही, पण फोटो असेल. फाइव्ह एसमध्ये काम करायच्या आधी एक आणि नंतर एक फोटो काढावाच लागतो. दर रविवारचे दोन्ही फोटो त्यानं फोनमध्ये तारखेनं लावून ठेवले होते. तेही साधे नाहीत. ज्यात खाली अक्षांश-रेखांश छापून येतात, त्या ॲपनं काढलेले.

अर्धा तास शोधल्यावर पहिला दगड सापडला. टेकडीच्या खांद्यावर उभा, शेजारी घमेली. दुसऱ्या फोटोत कडुनिंबाजवळ ग्रुपमधल्या एक ताई निवांत चहा पीत बसल्या होत्या. माझ्या निशाणीवर बसल्या होत्या.

फोटोवरून हद्द ठरत नाही, हे मी सगळ्यांना बजावलं. फोनचे आकडे दहा-पंधरा फूट इकडेतिकडे असतात. फोटोवरून फक्त खणायचं कुठं ते कळतं. पण खणणारी माणसं माझ्याकडं तीस होती. त्यांनी टेकडीच्या खांद्यावर चुन्यानं चौकोन आखला आणि वरची माती थराथरानं काढायला घेतली. खड्डे खणण्यात त्या माणसांचा हात कुणी धरणार नाही. दोन फुटांवर माती काळी झाली. मी खाली उतरून हातानं उकरलं. कोळसा. मुठीएवढे तुकडे, ताजे असावेत तसे.

शेठ वाकून बघत होते. म्हणाले, "मेंढरवाल्यांची चूल आसंल. त्याचं काय?"

आक्षेप खोटा नव्हता. एक खड्डा चूल असू शकतो. म्हणून मी कुणालाही आनंद करू दिला नाही. कडुनिंबाजवळ दुसरा चौकोन खणला. तिथंही कोळसा. मग टिपण उघडलं. या दोन दगडांमधलं अंतर चोवीस साखळ्या सहा आणे. साखळी म्हणजे तेहतीस फूट, तिचे सोळा आणे. हिशेब आठशे चार फुटांचा. एका खड्ड्याच्या मधोमध मशीनचा किरण परतवणारा प्रिझम धरायला लावला, दुसऱ्यावर मशीन उभं केलं आणि बटण दाबलं.

आठशे पाच.

मी मशीनचा पडदा शेठच्या समोर धरला आणि म्हटलं, "मेंढपाळ काही साखळी धरून चुली मांडत नाही, शेठ." विलासनं डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली. तीस माणसं टाळ्या वाजवत होती. मी आकडा वहीत लिहून घेतला.

दोन बिंदू मिळाल्यावर तिसरा काढायला वीस मिनिटं लागली. तो तलावाच्या अलीकडं पडला नाही. पलीकडं पडला. शेठच्या नव्या तारेच्या कुंपणाच्या चाळीस फूट आत. शेठच्याच माणसाच्या हातात कुदळ देऊन तिथं खणलं. दोन फुटांवर काळी माती. तलाव पूर्ण सरकारी, वर शेठच्या कुंपणातली पट्टीही सरकारी. तिथला दगड कुणी हलवला होता, हे मी विचारलं नाही. माझं काम हद्द दाखवण्याचं आहे. पण शेठनी आपण होऊन मोबाइलमधलं ते रेकॉर्डिंग खोडलं आणि पंचनाम्यावर सही केली.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "म्हणजे आले चालत."

सोमवारी मीटिंग झाली. जमीन उद्यानात गेली, तलावासकट. पुढच्या रविवारी मी सुट्टी असून टेकडीवर गेले. विलासच्या माणसांनी बांध सोडवून दोन्ही दगड बाहेर काढले होते. तिसरा नवा घडवून आणला होता. चौघांनी बांबूला बांधून ते परत नेले आणि माझ्या देखत बसवले, खाली कोळसा तसाच ठेवून. त्या उन्हाळ्यात कॅन याच तलावातून भरले गेले. झाडं जगली.

या प्रकरणातून मी एवढंच शिकले, की कागदावरची जी अक्षरं आपल्याला वाचता येत नाहीत ती नक्षी नसतात. ऑफिसात आता अडलं की रशीदचाचांना फोन जातो. विलास काय शिकला, ते त्यानं तिन्ही दगडांवर लाल ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय: 'फाइव्ह एसमधून वगळला आहे.'