जयपुरात आम्ही व्यावसायिक ठरलो

सवाई माधोपूरला मोठी गाडी सोडली आणि छोटी लाइन (अरुंद रुळांवरची गाडी) पकडली. डबा इवलासा. त्यात आमचे खेळाडू, बुटांच्या पिशव्या, चेंडूंचं जाळं आणि कप्तान दिनकरच्या आईनं दिलेला तिखटाचा डबा. थंडी अशी, की पोरांनी खेळायचे मोजे हातांत घातले होते. खिडकीबाहेर मोहरीची पिवळीधमक शेतं लागली, मग बाभळी, मग उघडेबोडके डोंगर. मी शाळेत भूगोल शिकवतो. अरवली पर्वत फळ्यावर कितीतरी वेळा काढलाय. तो असा बरगड्या वर आलेल्या जनावरासारखा दिसत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

"सर, हितं गवात कुटंच दिसंना," दिनकर म्हणाला.

"बरंच आहे की. आपल्याला कुठं गवताची सवय आहे?"

देशभरातल्या हौशी फुटबॉल क्लबांची ही चषक स्पर्धा होती, बाद पद्धतीची. हरला तो परतीची गाडी बघणार. कोल्हापुरातल्या आमच्या पेठेचा संघ इथवर पहिल्यांदाच पोचला होता. मला हिंदी येतं असा पेठेचा समज, म्हणून मी व्यवस्थापक. दिनकर म्हशी राखतो आणि घरोघरी दूध घालून मग सरावाला येतो. गोलकीपर छापखान्यात खिळे जुळवतो. आमचा सेंटर फॉरवर्ड संभा उद्यमनगरात लेथवर उभा असतो. सगळे बिनपगारी रजा टाकून आलेले. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं याच मुलांना जे ऐकावं लागलं त्यानं माझं डोकं अजून तापतं.

जयपूर स्टेशनाबाहेर उंटगाडी दिसली आणि पोरं थंडी विसरली. शहर गुलाबी म्हणतात, पण मला ते गेरूच्या रंगाचं वाटलं. सकाळच्या उन्हात मात्र भिंती अशा उजळतात, की माणूस चालता चालता थांबतो. रस्ते सरळ आणि रुंद, दुकानं एका ओळीत, जणू कुणी पट्टीनं आखलीत. आमची सोय एका धर्मशाळेत होती. तिथल्या व्यवस्थापकानं पहिल्याच दिवशी बजावलं, "मांस-मच्छी का नाम भी नहीं लेना, भैया." त्यामुळे रोज दाल-बाटी (निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, वर तुपाची धार). चव चांगली, पण चार बाट्या खाल्ल्यावर माणूस धावायचा कसा? तांबडा रस्सा ओरपणारी आमची पोरं तिसऱ्या दिवशी केविलवाणी होऊन तिखटाच्या डब्याभोवती बसू लागली.

पहिला सामना उपांत्यपूर्व फेरीचा, तो डोंगराळ मुलखातून आलेल्या एका संघाशी झाला. चपळ पोरं, दम न लागणारी. मैदान टणक, पडलं की कातडी सोलून निघायची. सामना संपत आला तरी बरोबरी होती. मग दिनकरनं डावीकडून लांब चेंडू टाकला, संभानं तो छातीवर घेतला, एका बचावपटूला अंगावर घेऊन वळला आणि चेंडू जमिनीलगत कोपऱ्यात मारला. गोलकीपर हललासुद्धा नाही.

शिट्टी झाली आणि प्रेक्षकांतून एक माणूस मैदानात धावत आला. मफलर गुंडाळलेला, मध्यमवयीन. "आरं माझ्या कोल्लापूरच्या वाघा!" असं ओरडत त्यानं संभाला मिठी मारली, स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि संभाच्या मनगटावर चढवलं. संभा नको नको म्हणतोय, हा ऐकत नाही.

हे कांबळे. मूळचे हातकणंगल्याचे, रेल्वेत फिटर, बदली होऊन जयपुरात आलेले. किती वर्षांत आपल्या भागातली शिवी ऐकली नव्हती म्हणे. आमच्या पोरांनी ती मैदानात भरपूर ऐकवली होती, म्हणून डोळ्यांत पाणी.

त्यांनी अख्ख्या संघाला रेल्वे क्वार्टरमध्ये जेवायला नेलं. दोन खोल्यांच्या घरात, अंगणात, पायरीवर, जिथं जागा मिळेल तिथं पोरं बसली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. वहिनींनी मटणाचा रस्सा केला होता. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी सुजाता वाढत होती. तिचं मराठी अडखळतं. "दादा, अजून घ्या ना. मतलब, शर्माऊ नका," ती म्हणाली आणि पोरं हसून हसून घास विसरली. मी वहिनींना घड्याळाचं विचारलं. ते त्यांच्या वडिलांनी जावयाला लग्नात दिलेलं होतं.

"मग परत घ्या, वहिनी. संभाही तेच म्हणतोय."

"दिलं ते दिलं, सर. माझ्या बापाला कुस्तीचं येड हुतं. हा गोल बघितला आसता तर त्यानंबी असंच केलं आसतं."

कोल्हापूरकरांना यात नवल वाटणार नाही. आपल्याकडं गोल मारणाऱ्याला कुणी खांद्यावर घेतो, कुणी फेटा बांधतो, कुणी हातातली अंगठी काढून देतो. बघणाऱ्याचीही हौस असते.

उपांत्य सामन्याआधी एक दिवस सुट्टी होती. आयोजकांनी उरलेल्या संघांना बसमधून कानोत्याला नेलं. गावाबाहेर धरण आहे, लोक सहलीला येतात. पाणी शांत, काठावर बगळे, पलीकडं पुन्हा मोहरी. मी कचोरी घेऊन एका दगडावर बसलो, तर शेजारी आमच्या पुढच्या सामन्यातल्या संघाचा सेंटर हाफ येऊन बसला. उंच, देखणा पंजाबी तरुण, नाव बलविंदर. त्यांचा संघ जयपूरजवळच्या सीतापुऱ्यातल्या एका कारखान्याचा. गप्पा मारायच्या म्हणून मी माझ्या हिंदीत विचारलं, "कारखान्यात काय काम करता?"

तो हसला. "काग़ज़ पे क्लर्क हूँ, सरजी. दफ़्तर अंदर से कैसा है, पता नहीं. सुबह-शाम प्रैक्टिस. सीज़न ख़त्म, तो घर."

"आणि पगार?"

"वो तो आता है," तो अगदी सहज म्हणाला. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरगं चांगलं होतं.

धर्मशाळेत परतलो तर निरोप: संघाच्या व्यवस्थापकानं आणि संभानं ताबडतोब स्पर्धेच्या समितीपुढं यावं. कारखान्याच्या संघानं तक्रार केली होती, की आमच्या खेळाडूनं खेळाबद्दल मोबदला घेतला, तेव्हा तो हौशी नाही.

स्टेडियमच्या एका खोलीत लांब टेबलामागं पाच-सहाजण बसले होते. मधोमध सूट घातलेले गृहस्थ, त्यांना सगळे सेक्रेटरीसाहेब म्हणत. आम्हाला बसा म्हणालं नाही कुणी. संभाच्या हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवायला लावलं. आमच्यामागोमाग कांबळे धापा टाकत आले आणि दारातूनच म्हणाले, "साब, घड़ी मैंने दी है. मेरी ख़ुशी से दी है. इसमें लड़के का क्या क़सूर?"

"देना आपकी ख़ुशी है, लेना इनका क़सूर है," सेक्रेटरीसाहेब म्हणाले, आणि बाकीचे हसले.

त्या हसण्यानं माझा तोल गेला. मी म्हणालो, तक्रार करणाऱ्या कारखान्याचे खेळाडू नावाला क्लर्क आहेत, ऑफिसचं तोंड बघत नाहीत आणि पगार घेतात, ते हौशी कसे? बलविंदरचं नाव मी घेतलं नाही. त्याच्या पोटावर मला पाय द्यायचा नव्हता.

"वो नौकरी है, मास्टरजी. नौकरी तो आप भी करते हैं."

"मी वर्गात जाऊन शिकवतो!"

"आवाज़ नीचे."

मग त्यांनी निकाल सांगितला. संभा व्यावसायिक आहे असं आम्ही कबूल करावं आणि त्याला बसवावं, नाहीतर सगळा संघ बाद. घड्याळ पुरावा म्हणून समितीकडं राहील. बाजूच्या एका माणसानं ते उचलून खणात टाकलं. कपाटात चमचे टाकावेत तसं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चला, सामान बांधू. असल्यांच्या चषकावर थुंकायचंसुद्धा नाही." दिनकरही तेच म्हणाला.  संभा मुळातच कमी बोलणारा.

"न्हाई सर," तो म्हणाला. "मला बसवा. पोरांनी रजा टाकल्यात. माझ्यापायी न खेळता परत गेली तर मी पेठंत कसा फिरू?"

"पण कबूल करायला सांगतायत, संभा!"

"त्ये तुमी बघा. मी खेळत न्हाई, एवढं सांगा त्यास्नी."

मी परत आत गेलो आणि सांगितलं, की खेळाडू बसेल. तो व्यावसायिक आहे असं मात्र माझ्या तोंडून निघणार नाही. सेक्रेटरीसाहेबांनी खांदे उडवले. त्यांना संभा मैदानाबाहेर हवा होता, तेवढं त्यांना मिळालं.

आम्ही म्हणालो नाही, ते त्यांनी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सामन्याआधी लाउडस्पीकरवरून संभाचं पूर्ण नाव घेऊन सांगण्यात आलं, की हा खिलाड़ी पेशेवर (व्यावसायिक) आढळल्यामुळं खेळणार नाही. मैदानभर ते नाव घुमलं. लोक मान वळवून बघायला लागले. कांबळे कुटुंबाशेजारी संभा साध्या सदऱ्यात बसला होता. सुजाता उठून उभी राहिली आणि लाउडस्पीकरच्या दिशेनं ओरडली, "झूठ बोलते हो!" तिच्या आईनं तिला खाली बसवलं नाही.

पोरं जीव तोडून खेळली. त्या दिवशीचा दिनकर मी पुन्हा कधी पाहिला नाही. तो एकटा तिघांना पुरत होता. पण गोलासमोर चेंडू गेला की तिथं संभा नसायचा. उत्तरार्धात बलविंदरनं लांबून एक फटका मारला, चेंडू आमच्या एका खेळाडूच्या पायाला लागून वळला आणि आत गेला. तेवढ्या एका गोलानं आम्ही हरलो. बलविंदरनं गोल साजरा केला नाही. सामना संपल्यावर तो सरळ प्रेक्षकांत गेला आणि संभाचा हात हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. काय बोलला ते संभानं सांगितलं नाही.

मग समारंभ. पाहुणे म्हणून कुणी बडे गृहस्थ आले होते. दोन्ही संघांना साफे (राजस्थानी फेटे) बांधायचे आणि मिठाईचे डबे द्यायचे असा बेत होता. सेक्रेटरीसाहेब तबक घेऊन पाहुण्यांच्या मागं, चेहऱ्यावर हसू. दिनकर ओळीत पहिला. पाहुण्यांनी साफा पुढं केला. दिनकरनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"नहीं साहेब," तो आमच्या पेठेच्या हिंदीत म्हणाला. "ये लिया तो हम पेशेवर हो जायेंगे."

पाहुण्यांना कळेना. त्यांनी दुसऱ्यापुढं धरला. त्यानंही हात मागं नेले. तिसऱ्यानंही. काही ठरलेलं नव्हतं, आई शपथ. ओळच्या ओळ हात मागं बांधून उभी राहिली, गुडघे सोललेले, तोंडावर धूळ. आधी प्रेक्षकांत खसखस पिकली, मग टाळ्या सुरू झाल्या, त्याही जयपूरच्याच लोकांच्या. पाहुण्यांनी वळून सेक्रेटरीसाहेबांना काहीतरी विचारलं आणि साहेबांचं हसू गेलं. शहरावर माझा राग नाही, तो या टाळ्यांमुळं.

निघायच्या दिवशी मी, संभा, कांबळे आणि वहिनी समितीकडं घड्याळ आणायला गेलो. साहेब नाहीत, असं शिपायानं सांगितलं. दुपारी पुन्हा गेलो, तेव्हाही नाहीत, आणि त्यांची गाडी तर दारात उभी. कांबळे म्हणाले, जाऊ द्या सर, नोकरमाणसानं मोठ्यांशी वाकडं कशाला घ्यायचं. वहिनींनी पदर खोचला आणि आमच्यापुढं चालू लागल्या. शिपायाला बाजूला सारून त्या थेट आत गेल्या आणि टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्या. साहेब आतच होते.

"मेरे बाप की घड़ी है," वहिनी म्हणाल्या. "लेके जाऊँगी."

नियम, चौकशी, वरिष्ठ असं बरंच बोलून झालं. वहिनी एकेक वाक्य संपू द्यायच्या आणि तेच पुन्हा म्हणायच्या, आवाज न चढवता. शेवटी खण उघडला गेला. वहिनींनी घड्याळ कानाला लावलं, किल्ली दिली आणि संभापुढं धरलं. संभानं हात जोडले. तेव्हा त्यांनी ते स्वतःच्याच मनगटावर, बांगड्यांच्या वर बांधलं आणि बाहेर आल्या.

 परतीच्या गाडीत पोरांनी वहिनींनी दिलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. मी मात्र सवाई माधोपूरपर्यंत भांडत होतो, म्हणजे मनातल्या मनात. आमचा संभा व्यावसायिक नाही, हे पटवणारी एकाहून एक चोख वाक्यं आता सुचत होती.

"सर," संभानं विचारलं, "व्यावसायिक म्हंजे नेमकं काय वो?"

"खेळण्याचे पैसे घेतो तो."

 "मग त्ये वाईट आसतंय व्हय? लेथवर उभा राह्याचं घेतोच की मी."

 इतके दिवस मी आळ खोटा आहे म्हणून ओरडत होतो. मुळात पैसे घेणं हा आळ कसा काय, हे मी त्या टेबलामागच्या एकालाही विचारलं नव्हतं. अंगमेहनतीचं जे एकच काम हा पोरगा जीव ओतून करतो, त्याचं कुणी काही दिलं तर तो गुन्हेगार. आणि ज्यांनी चेंडूला कधी पाय लावला नाही त्यांना खोली, टेबल, गाडी आणि हसायची मुभा.

लोक विचारतात, जयपूर कसं आहे? सुंदर आहे. हिवाळ्यात जा, सकाळच्या उन्हात शहर बघा, मोहरी फुललेली असताना कानोत्याला जा. एवढं मी नीट सांगतो. मग कुणीतरी स्पर्धेचं काढतं आणि माझा आवाज चढतो. बायको म्हणते, आता पुरे. पण कोल्हापूरला उतरलो त्या सकाळी संभा घरीसुद्धा गेला नाही, पिशवी माझ्याकडं देऊन स्टेशनावरूनच कामाच्या पाळीला पळाला, आणि ते बघताना मला जे झालं ते अजून पुरे झालेलं नाही.