आयुधपूजेच्या दिवशी सुई

शिंप्याच्या दुकानात जन्म काढला की दोन गोष्टी साठतात. चिंध्या आणि किस्से. चिंध्या निदान उशीत भरता येतात. किस्से कुठं भरणार? म्हणून लिहितोय. शुद्धलेखन तपासायचं असेल त्यानं दुसरं काहीतरी वाचावं. मी दुसरीतून पळालेला माणूस आहे.

परवा नातू परदेशातून आला. अँडीज नावाच्या कुठल्याशा डोंगरावरची पुरातन दगडी पडझड आणि तिथलंच गोऱ्यांनी बांधलेलं जुनं चर्च, दोन्ही एका दिवसात बघून आला म्हणे. मोबाईलवर फोटो दाखवून दाखवून माझं डोकं उठवलं.

मी म्हटलं, “असलं मी बघितलंय.”

“तुम्ही? कधी, आजोबा?”

“तुझा बाप रांगत होता तेव्हा. तेही एका दिवसात. तेही डब्यातला चित्रान्न भात खाऊन!”

*

आमचं दुकान कन्नड मुलखात, बसवनगुडीत. मालक व्यंकटराव. कटिंगला तुकाअण्णा, मालकांच्या वडिलांच्या वेळचे. काज-बटणाला रहीम. शिलाईला मी, दत्तू.

वर्षातून एकच सुट्टी पक्की, आयुधपूजेची. मशिनी पुसायच्या, कात्र्या, सुया, टेपा, खडू सगळं देवापुढं मांडायचं, हळदकुंकू लावायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उठेपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही. हत्यारालासुद्धा विश्रांती पाहिजे, असं मालक म्हणायचे. आम्हाला पाहिजे असं कधी म्हणाले नाहीत!

त्या वर्षी दुकानानं सहलीला जायचं ठरलं होतं. निघायच्या आधी मालकांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि पोलिसासारखे खिसे तपासले. माझ्या खिशातून खडू निघाला. मी म्हटलं, “चुकून राहिला, मालक.”

“चुकून हातात येतो. खिशात जात नाही!”

मग सगळ्यांकडे बघून बोलले, “उद्या पूजा उठली की मोठी कात्री कुणाच्या हातात द्यायची ते मी ठरवणार.”

त्याच आठवड्यात एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या निघाल्या होत्या. कापल्या होत्या अण्णांनी. कात्री गेलेला कटर काय करणार? घरी बसणार. आणि कात्री यायची तर माझ्याकडेच यायची. मला ती हवी होती. ह्या वयात खोटं कशाला बोलू?

*

जायचं कुठं ते अण्णांनी ठरवलं. कोलारच्या बाजूला एक टेकडी होती. टेकडीवर पांडवांची घरं आणि खाली साहेब लोकांचं चर्च.

मालक म्हणाले, “अण्णा, पांडव ठीक. चर्चात आपलं काय काम?”

अण्णा म्हणाले, “माझं आहे. तरुणपणी तिथल्या वेदीचं मखमली कापड मी शिवलं होतं. तीन महिने. द्यायला गेलो तर फाटकावरच घेतलं. आत लावलेलं कधी बघितलं नाही. आता बघून घेतो.”

हे ‘आता’ त्यांनी जरा जोरात म्हटलं. रहीमनं माझ्याकडं बघितलं. मी बसची वाट बघायला लागलो.

*

बसमध्ये गर्दी. अण्णांनी खाकी कपड्यातल्या एका माणसाला कोपर मारलं आणि म्हणाले, “कंडक्टर, चार तिकीट.”

तो माणूस वळला. भल्या मोठ्या मिशा, छातीवर पट्टा. पोलीस जमादार!

“कण्णु काणस्ताइल्वेनो?” जमादार गरजला. डोळ्यांनी दिसत नाही काय रे, असं कन्नडमध्ये.

आख्खी बस ऐकत होती. पुढच्या बाकावरून मालकही वळले. अण्णा जागचे हलले नाहीत. जमादाराची बाही चिमटीत धरून चोळली आणि म्हणाले, “दिसतं, स्वामी. पण तुमचं आणि कंडक्टरचं कापड एकाच गठ्ठ्यातलं आहे. चूक गिरणीची!”

जमादार हसला. शिवाय सरकून जागा दिली. मालक मात्र हसले नाहीत.

*

पांडवांची घरं म्हणजे काय, तर चार उभ्या शिळा, वर एक आडवी, आणि पुढच्या शिळेला मधोमध गोल भोक. अशी पंधरा-वीस, अर्धी पडलेली. लोक सांगतात पांडव राहायचे. भीम ह्यात मावला असेल तर मी राजा!

रहीम भोकासमोर उकिडवा बसला. कडेवरून बोट फिरवलं. आयुष्यभर काजं केलेला माणूस तो.

“क्या काज किया रे बाबा! एक धागा सुटा नै. पन बटन किधर है?”

अण्णा म्हणाले, “बटण म्हणजे तो भीम. आत जाताना तुटला असेल.”

मग वाद. भोकातून मालक जातील की नाही? मी म्हटलं जातील. रहीम म्हणाला नक्को, फसेंगे. बोलता बोलता त्यानं सदरा वर केला आणि कमरेची टेप सोडून भोकाच्या कडेनं गोल फिरवली. छत्तीस इंच. मग मालकांच्या पोटाला लावली. चव्वेचाळीस!

मालकांचा चेहरा लाल. “रहीम! आज टेप कुठून आली?”

“मालक, ये टेप नै. नाडा टूट गया था, कमरपट्टा है!”

“कमरपट्ट्यावर आकडे असतात?”

“मेरे पे हैं, मालक!”

*

जेवण झाल्यावर मालक सावलीत आडवे झाले. अण्णा एका घराच्या कोपऱ्यात दोन शिळांच्या सांध्यावरून बोट फिरवत बसले होते. वरून खाली, खालून वर.

“दत्तू, ये इकडे. हात लाव. शिवण कुठं आहे सांग.”

मी हात लावला. सापडेना.

“बघून शोधतोस म्हणून सापडत नाही, गाढवा. डोळे मीट.”

डोळे मिटले. सापडली! केसाएवढी.

“ह्याला म्हणतात जोड. चुना नाही, माती नाही. आणि तू परवा अस्तर लावलंस ते गोणपाटासारखं!”

हा माणूस असाच होता. आयुष्यात शाबासकी दिली नाही. पण मला मशिनीवर बसवलं ते ह्यानंच. माझ्या बापानं शाळा सोडल्याबद्दल मला घराबाहेर काढलं, तेव्हा हाताला धरून दुकानात आणलं ते ह्यानंच. आज माझी तीन मुलं शिकलेली आहेत. ती ह्या शिव्यांवर.

थोड्या वेळानं अण्णा हळूच म्हणाले, “दत्तू, तुला ठाऊक आहे ना?”

“काय?”

“तेच.”

“मला काहीच ठाऊक नाही.”

“सरी, बरं तर,” अण्णा म्हणाले आणि चपला शोधायला लागले. चपला समोरच होत्या. मी पायानं थोड्या पुढं सरकवल्या.

*

चर्चच्या आवारात साहेब लोकांची थडगी. प्रत्येकावर दगडात कोरलेलं इंग्रजी. रहीमनं मला विचारलं, “दत्तू, क्या लिख्या है?”

मला आकडे यायचे. अक्षरं यायची नाहीत, दुसरीतली पार विसरलेली. इंग्रजीच काय, मराठीही नाही. पण रहीमसमोर कबूल करणार कोण?

मी छाती काढून वाचलं, “हा साहेब उन्हानं मेला. हा तापानं. आणि ही बाई नवऱ्याच्या बोलण्यानं.”

मालक मागं उभे होते. त्यांना इंग्रजी यायचं.

“दत्तू, ती बाई नाही. तो कर्नल आहे.”

*

आत गेलो. अंतोणी नावाच्या म्हाताऱ्या रखवालदारानं दार उघडलं. थंडगार, उंच छप्पर, मेणाचा वास. आणि समोर वेदीवर लाल मखमल, खाली सोनेरी झालर.

आम्ही तिघं बघतच राहिलो. अण्णा चालत पुढं गेले, जरा डावीकडं. मी कोपर धरून सरळ केलं. वेदीशी गुडघे टेकून बसले. अंतोणीला वाटलं प्रार्थना करतायत. अण्णांनी कापडाची कड उलटी केली आणि आतून बोट फिरवायला लागले.

अण्णांची खूण होती. प्रत्येक कामात आतल्या बाजूला तीन आडवे टाके. गिऱ्हाइकाला कळायचे नाहीत, बोटाला लागायचे.

“आहेत,” अण्णा म्हणाले. “माझंच आहे.”

पुढं बोट सरकलं आणि थांबलं. झालर चार बोटं सुटली होती. आम्हाला कुणाला दिसली नव्हती.

अण्णांनी सदऱ्याची कॉलर उलटी केली. कॉलरच्या आत सुई! पांढरा दोरा गुंडाळलेली!

“अण्णा!” मालक ओरडले. “आज? आयुधपूजेला?”

“तुमच्या वडिलांनी कॉलर कधी तपासली नाही,” अण्णा म्हणाले आणि दोरा ओवायला लागले.

दोऱ्याचं टोक ओठात धरलं, वळलं, सुईकडं नेलं. चुकलं. परत नेलं. चुकलं. तिसऱ्यांदा दोरा बोटालाच लागला. मालक टक लावून बघत होते.

मला काही करायची गरजच नव्हती. नुसतं उभं राहिलो असतो तरी सकाळी कात्री माझी होती.

चौथ्यांदा चुकलं. मी पुढं झालो, सुई घेतली.

“आणा इकडं, अण्णा. ऊन तुमच्या डोळ्यावर येतंय.”

चर्चच्या आत ऊन कुठलं?

रहीम मागून म्हणाला, “हौ मालक, बहुत धूप है.”

मी ओवून दिली. अण्णांनी मान वर करून खिडकीकडं तोंड केलं आणि नुसत्या बोटांनी टाके घातले. एकसारखे. शेवटी तीन आडवे. गाठ मारली आणि दोरा तोडायला तोंड खाली नेलं.

“दातांनी नको,” मालक म्हणाले. “देवाचं कापड आहे.”

आणि कोटाच्या आतल्या खिशातून छोटी कात्री काढली. सकाळी आमचे खिसे उलटे करणाऱ्या मालकांनी!

कुणी हसलं नाही. मालकांनी वाकून दोरा कापला.

*

दुसऱ्या दिवशी पूजा उठली. मालकांनी देवापुढची मोठी कात्री घेतली. हळदकुंकू तसंच होतं. मी हात पुसून उभा होतो. का पुसले, मलाच ठाऊक.

मालकांनी कात्री अण्णांच्या हातात दिली. मग मापाची वही उचलून माझ्या छातीवर आपटली.

“आजपासून वही तुझ्याकडं. अण्णा कापायला उभे राहिले की शेजारी उभं राहून माप वाचायचं. मोठ्यानं. दुकानभर ऐकू गेलं पाहिजे. खांदा, छाती, बाही, कुठली डावी, कुठली उजवी, सगळं. का, ते विचारायचं नाही.”

मी वही उघडली. आकड्यांच्या पुढं मालकांच्या अक्षरात ओळीच्या ओळी.

“मालक,” मी म्हटलं, “मला आकडे येतात. अक्षरं येत नाहीत.”

मालक गल्ल्यावर जाऊन बसले. चष्मा पुसला.

“मग शीक!”