गाढवाच्या कानावरचा अंगठा

मातीच्या बाहुल्या हलवून केलेल्या एका विनोदी मालिकेतला नवा सिनेमा नाशिकला लागला, तेव्हा वयाला शोभत नसलं तरी मी एकटाच गेलो. शेजारी दिंडोरीहून आलेल्या एक आजी होत्या, मांडीवर झोपलेली नात. पडद्यावर मातीचं गाढव हौदात पडलं आणि सगळं थिएटर हसलं. आजी मात्र पुढे झुकल्या.

"त्याच्या कानावर कुणाचा तरी अंगठा उमटलाय."

"हातानंच करतात ना, आजी. राहतो ठसा."

"राहू द्यावा. आमचे हे पोळ्याला मातीचे बैल करायचे. पूजा झाली की आम्ही ते नदीत सोडतो. हे गेले त्या सालच्या एका बैलावर त्यांचा अंगठा राहिलाय. तेवढा काय माझ्याच्यानं सोडवंना."

गाढव पुन्हा पडलं. या वेळी हसायच्या आधी मी त्याचा कान बघितला.