मानपानाचं प्लगइन

कंधारमध्ये माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. डिझाइनच्या सॉफ्टवेअरला सगळं येतं, पण मानपान कळत नाही. एक चुलता सुटला तरी अख्खी भावकी मांडवात तोंड फुगवून बसते. शेवटी वैतागून मी सॉफ्टवेअरला एक प्लगइन जोडलं. ते नावं नात्याप्रमाणं मांडायचं आणि जागा संपली, की जे रुसले तरी लग्नाला येणारच, त्यांची नावं गाळायचं.

लोह्याच्या एका वधूपित्यानं चार दिवस नावं वाढवली. छापण्याआधी बोट ठेवून सगळी वाचली. “एक बी पाव्हणा सुटला न्हाई,” म्हणत खूश होऊन गेला. पत्रिका वाटून झाल्या. कुणीच रुसलं नाही.

मग नवरदेवाचा फोन आला. “पत्रिका लई भारी हाय. पण लग्न कुणाचं हाय?”

“तुमचंच,” मी म्हणालो. “तुम्ही रुसून जाणार कुठं?”